वसंतात पक्षी दिसत नाहीत? आधी चालणं थांबवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. निवृत्तीनंतर खटाव तालुक्यातल्या गावच्या घरी राहायला गेलेल्या एका गृहस्थांनी माघात 10×50 ची (दहापट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर रुंद काचांची) दुर्बीण घेतली. रोज सकाळी 7 वाजता ते बांधाबांधानं दोन-अडीच किलोमीटर फिरतात. आवाज चहूकडून येतात, दिसत मात्र फारसं काही नाही. तीन आठवड्यांत 14 जाती झाल्या, आणि तेवढ्यात मित्र उजनी धरणाकाठच्या भिगवणला जाऊन एका सकाळीत 60 जातींची यादी करून आला. ते विचारतात, हंगाम संपला का? दुर्बीण चुकली का? अंगणात दाणे टाकू का? शेवटी एक ओळ आहे: दाराशी मधुमालतीच्या वेलात बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलंय, त्याचं काय करू?

तुमची दुर्बीण ठीक आहे आणि हंगामही संपलेला नाही. तुमच्याकडचा खरा हंगाम आत्ता सुरू होतोय. अडचण एवढीच आहे की तुम्ही हिवाळ्याच्या रीतीनं वसंतातले पक्षी बघताय. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर बदकं, रोहित (फ्लेमिंगो), पाणपक्षी उघड्यावर असतात, थव्यानं असतात. आपण काठाकाठानं किंवा होडीतून जायचं आणि मोजत सुटायचं. तिथे जितकं फिराल तितकं जास्त दिसतं. शिमग्यानंतर बांधावरच्या पक्ष्याचं गणित उलटं होतं. थवे मोडतात, जोड्या लागतात, प्रत्येक नर आपापली जागा धरून बसतो. त्या जागेतून माणूस चालत गेला की नर गप्प होतो किंवा पानाआड सरकतो, आणि तुम्ही पुढे गेलात की पाचेक मिनिटांत पुन्हा गायला लागतो. अडीच किलोमीटरच्या फेरीत तुम्ही अशा वीस-पंचवीस जागा ओलांडता आणि प्रत्येक ठिकाणी गप्प झालेला पक्षी मागे ठेवून पुढे जाता. आवाज नेहमी मागून किंवा लांबून येतो तो यामुळे.

मी वाईकडचा. 27 वर्षं पक्षी बघतोय, त्यातली पंधरा वर्षं नवख्यांना सोबत घेऊन. पहिली सहा-सात वर्षं मीही असाच पायपीट करत होतो. एका मार्चमध्ये घोटा मुरगळला आणि तीन आठवडे ओढ्याकाठच्या एका पांगाऱ्यासमोर बसून काढावे लागले. तेव्हापासून वसंतात मी चालणं जवळजवळ सोडलं.

काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत हे आधीच कबूल करतो. कोकणात असतात तर मी तुम्हाला धनेशाची ढोली असलेलं जुनं झाड दुरून बघा म्हटलं असतं. मादी आत स्वतःला लिंपून घेऊन बसते आणि नर दिवसभर फळं आणून चारतो, तो सोहळा आत्ता चालू असतो. विदर्भात असतात तर मोहाखाली बसा म्हटलं असतं, पण एप्रिल लागला की 8 च्या आत घरी. खटाव-माण हा पर्जन्यछायेचा मुलूख. झाडं विरळ, त्यातही बाभूळ, बोर, कडुनिंब जास्त. हे पक्षीनिरीक्षणासाठी वाईट नाही, उलट सोयीचं आहे. झाडं थोडी असली की पक्ष्यांनाही निवड थोडी उरते.

म्हणून पहिलं काम: पक्षी शोधू नका, फुललेलं झाड शोधा. क्रम साधारण ठरलेला असतो. काटेसावर आधी फुलते, जानेवारीच्या शेवटापासून. मग पळस, आणि त्याच्या आगेमागे पांगारा. तुमच्याकडे पळस कमी भेटेल, पण शेताच्या कुंपणाला किंवा ओढ्याला पांगारा असतोच, नसला तर शेजारच्या गावच्या गुराख्याला विचारा. या तिन्ही झाडांची फुलं लालभडक, रसाळ, आणि मुख्य म्हणजे त्या वेळी झाडावर पान नसतं. पालवी फुटायच्या आधीचे हे दोन-तीन आठवडे म्हणजे नवख्यासाठी वर्षातला सगळ्यात सोपा काळ. आलेला प्रत्येक पक्षी उघड्या फांदीवर बसतो. चैत्रपालवी दाट झाली की हाच पक्षी तुमच्या डोक्यावर असून दिसणार नाही.

झाडापासून पंधरा-वीस पावलांवर, सूर्य पाठीशी राहील असं बसा आणि तास-दीड तास हलू नका. पहिली दहा मिनिटं कोणीच येणार नाही. मग आधी साळुंक्या येतील, त्या धीट असतात. त्यांच्यामागे बुलबुल. कोतवाल एरवी किडे खाणारा, पण पांगाऱ्यावर तोही फुलात चोच बुडवतो आणि त्याच्या काळ्या कपाळावर परागांचा पिवळा ठिपका घेऊन उडतो. पोपट येतात ते फुलं कुरतडून खाली टाकायला, मला त्यांचा भारी राग येतो, पण ते असो. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले चष्मेवाले घोळक्यानं येतात आणि दोन मिनिटांत निघून जातात. शिंजीर मात्र दिवसभर तिथेच.

या शिंजिराबद्दल जरा सविस्तर, कारण तुमच्या 14 जातींत तो एकदा आलाय की तीनदा, अशी मला शंका आहे. जांभळ्या शिंजिराचा नर हिवाळ्यात मादीसारखाच मळकट पिवळा दिसतो, फक्त गळ्यापासून पोटाकडे एक गडद पट्टा ओढलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पिसं बदलतो. आधी ठिकठिकाणी काळी ठिगळं, मग उन्हात निळीजांभळी झाक मारणारा पूर्ण काळा झगा. त्यामुळे एकाच पांगाऱ्यावर एकाच सकाळी पिवळी मादी, ठिगळांचा नर आणि काळाकुट्ट नर असे तिघं दिसतात आणि नवखा माणूस तीन नावं लिहून मोकळा होतो. मीही लिहिली होती. एकाच झाडासमोर दर दोन दिवसांनी बसलात तर तोच नर हळूहळू काळा होत जाताना दिसेल. 60 जातींच्या यादीत हे कुठेच बसत नाही.

झाड मिळालंच नाही तर? उकिरडा. थट्टा नाही. गोठ्यामागचा उकिरडा आणि त्याच्याकडेची निर्गुडी किंवा बाभूळ. तिथे माश्या, अळ्या, भुंगे बारमाही, म्हणून खाणारेही बारमाही. वेडा राघू तारेवरून झेप घेतो आणि पकडलेली माशी त्याच तारेवर आपटून खातो. सातभाई पाचोळा उलथवत भांडत बसतात. दुसरी जागा जुनी विहीर. कपारीतले पारवे, पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीवरचा खंड्या. विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली सुगरणीची घरटी मात्र गेल्या पावसाळ्यातली, आत्ता तिथे वाट बघू नका. वसंत म्हणजे सगळ्यांचाच विणीचा काळ, हा समज विलायती पुस्तकांतून आलेला आहे. आपल्याकडे बऱ्याच पक्ष्यांची पोरंबाळं पावसाबरोबर येतात, कारण किडे तेव्हा मुबलक. सुगरण नर मे महिन्यात पिवळा व्हायला लागेल आणि विणकाम पाऊस पडल्यावर.

तिसरी जागा, गावच्या पारावरचा वड किंवा पिंपळ. उन्हाची पहिली तिरीप शेंड्यावर पडते तेव्हा हरियाल, आपल्या राज्याचा पक्षी, वरच्या फांद्यांवर ऊन खात बसतात. अर्ध्या तासात ते आत पानात शिरले की संपलं. हिरवा-पिवळा पक्षी हिरव्या-पिवळ्या पानात, वर हलतही नाही.

म्हणून वेळेचं सांगतो. 7 ला निघणं उशिराचं आहे. मार्चच्या मध्याला आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो आणि गाणं त्याच्याही आधी सुरू झालेलं असतं. साडेसहाला तुम्ही जागेवर बसलेले असायला हवेत. साडेनऊनंतर सगळं सामसूम होतं. मग थेट संध्याकाळी 5 नंतर.

आता आवाज. सगळे आवाज शिकायला जाऊ नका, या मोसमात चार पुरतात. पहिला दयाळ. हिवाळाभर तो नुसता चरचरत असतो, मार्चमध्ये अचानक कंठ फुटतो. अंधार असतानाच घराच्या अँटेनावर किंवा झाडाच्या सर्वांत उंच टोकावर बसून लांब, गोड, दर वेळी वेगळी शीळ घालणारा काळापांढरा पक्षी दिसला तर तोच. दुसरा तांबट, टुक् टुक् टुक् असा भांड्यावर ठोके घातल्यासारखा. हा फसवतो. ओरडताना मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून आल्यासारखा वाटतो, कधी उजवीकडून. आवाजाकडे बघू नका, निष्पर्ण फांदीचा शेंडा बघा. तिसरा शिंपी. एवढा मोठा आवाज एवढ्याशा पक्ष्याचा असेल यावर विश्वास बसत नाही, म्हणून लोक साळुंकीएवढा काहीतरी शोधत राहतात. कुंपणाच्या खालच्या हातभर उंचीत अंगठ्याएवढा पक्षी शोधा, शेपूट उभी धरलेला. चौथा कोकीळ. कुहू कुहू नराचं, तो काळा आणि लाल डोळ्यांचा. आपल्या गाण्या-कवितांनी ते श्रेय कायम कोकिळेला दिलंय. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज किक्-किक्-किक् असा कर्कश. ती दिसली तर जवळपास कावळ्याचं घरटं शोधा. कावळे काटक्या आणि तारेचे तुकडे उचलायला लागले की पुढचं नाटक सुरू झालं असं समजायचं.

एप्रिल-मे मध्ये यात पावशाची भर पडेल. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणत सूर चढवत नेतो, कधी रात्रीसुद्धा. दिसायला तो थेट शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यासारखा, त्यामुळे ससाणा समजून यादीत चुकीचा चढतो. तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, तेव्हा उकिरड्यावरचे सातभाई एखाद्या पक्ष्यावर तुटून पडलेले दिसले तर तिकडे दुर्बीण लावा.

आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अ‍ॅप तुम्ही वापरता असं लिहिलंय. वापरा, मीही वापरतो. पण ते सांगेल ते पक्कं समजू नका, इशारा समजा. माझ्या फोननं एकदा शिक्रा दाखवला, सोबतच्या मंडळींनी वहीत लिहूनही टाकला, आणि समोर तारेवर बसून शिक्र्याचा आवाज काढत होता तो कोतवाल. नक्कल करणारे पक्षी आपल्याकडे बरेच आहेत आणि ते नेमके वसंतातच जास्त बोलतात. माझा नियम साधा आहे: फोननं नाव सांगितलं आणि डोळ्यांनी पक्षी बघितला तरच नोंद.

फोनवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावण्याचा प्रकार मात्र करू नका. विणीच्या दिवसांत त्या नराला वाटतं की जागेत दुसरा नर घुसला. खाणंपिणं सोडून तो नसलेल्या शत्रूच्या मागे फिरत राहतो. माझ्यासोबत येणाऱ्यांना मी हे एकदा सांगतो, दुसऱ्यांदा सोबत नेत नाही.

येत्या महिन्याभरात आणखी एक गोष्ट घडणार आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हिवाळी पाहुणे परत जातात. गोठ्यापाशी शेपूट थरथरवणारा काळा थिरथिरा, ओढ्यातला पांढरा धोबी, ज्वारीवरच्या भोरड्या. भोरड्यांवर शेतकऱ्यानं गोफण चालवली त्यात चूक नाही, कणसं लुटतात. पण एप्रिलमध्ये जायच्या आधी त्या फुललेल्या झाडांवर गर्दी करतात, तेव्हा नराची गुलाबी पाठ आणि काळा तुरा एकदम खुललेला असतो. मध्य आशियात पोचल्यावर त्या पिल्लांना टोळ आणि नाकतोडेच भरवणार. पाहुणा पहिल्यांदा कधी दिसला हे सगळे लिहितात. शेवटचा कधी दिसला हे कळत नाही, कारण त्या दिवशी तो शेवटचा आहे हे माहीत नसतं. त्यासाठी रोज एक ओळ लिहावी लागते: थिरथिरा आहे, थिरथिरा आहे, नाही, नाही. माझ्या जुन्या वह्यांतली मला सगळ्यात उपयोगी पडलेली पानं हीच.

फिरायची हौस दांडगीच असेल तर संध्याकाळी माळावर आणि काढणी झालेल्या ज्वारीच्या रानात फिरा. तिथे चालायला हरकत नाही, उघडं रान आहे. डोंबारी नावाचा चिमणीएवढा चंडोल तिथे कसरती करतो. वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला लागायच्या आत पुन्हा उसळतो. नाव ठेवणाऱ्यानं नीट बघून ठेवलंय. तारेवर बसणारा नीलपंखही या दिवसांत हवेत गिरक्या घेत कर्कश ओरडतो. एरवी ढिम्म बसणारा पक्षी असा वेडावलेला पाहिला की लोकांना ओळखच पटत नाही. फक्त पायाखाली लक्ष ठेवा. टिटवी याच सुमारास जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते, बहुधा चार, आणि ती ढेकळांत अजिबात उठून दिसत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली तर तिथे उभं राहून शोधू नका, आल्या पावली मागे फिरा. भर उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. तुमच्यामुळे ती वीस मिनिटं लांब राहिली तर अंडी उन्हात भाजतात.

तुमच्या भागात मायणी आणि येरळवाडीचे तलाव आहेत, तिथे पाणी असेल तर एखादी सकाळ जरूर घाला. पण मित्राच्या 60 शी बरोबरी करायला नको. आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो तो 5 ते 12 नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मतारखांच्या मधला. पाहुणे दाखवायला तो आठवडा उत्तम. पण गाणं ऐकायचं, जोडी जमताना बघायची, तर ते या दिवसांत.

अंगणाचं. दाणे टाकू नका असं म्हणणार नाही, पण आधी पाणी ठेवा. दाण्यांवर चिमण्या येतील हे खरं, त्यांच्यामागोमाग पारवे येतील आणि महिन्याभरात फक्त पारवे उरतील. शिंपी, नाचण, चष्मेवाला, दयाळ यांना तुमच्या बाजरीशी देणंघेणं नाही. पाणी मात्र सगळ्यांना लागतं, आणि तुमच्याकडे एप्रिलमध्ये ओढे आटलेले असतात. कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आणा. आत पाणी दोन बोटं, त्याहून खोल नको. मधे एक खडबडीत दगड ठेवा. परळ सावलीत आणि झुडपापासून चार-पाच पावलांवर असावं. अगदी झुडपाला लागून ठेवलं तर मांजर तिथे दबा धरून बसतं, आणि उघड्या अंगणात मधोमध ठेवलं तर भित्रे पक्षी येत नाहीत. पाणी रोज ओतून, परळ घासून पुन्हा भरायचं. आठवडाभर तसंच राहिलं तर त्यात डासांची पैदास होते आणि घरचे लोक तुमचा छंद बंद पाडतात. पहिला पक्षी यायला आठ-दहा दिवस लागले तरी जागा बदलू नका.

दुर्बिणीबद्दल. नवी घेताना मी 8×42 सांगतो. हलकी, हात कमी कापतो, एका नजरेत जास्त जागा मावते. पण तुमची 10×50 टाकायची गरज नाही, बसून बघायला ती चालते. कोपरं गुडघ्यांवर टेका म्हणजे थरथर जाते. एक गोष्ट तपासा: उजव्या डोळ्याकडची छोटी चकती जुळवली आहे का? उजवी बाजू झाकून मधल्या चाकानं दूरची पाटी स्पष्ट करा. मग डावी झाकून, मधलं चाक न हलवता, त्या चकतीनं तीच पाटी स्पष्ट करा. मला भेटणाऱ्या दर दहांपैकी सात-आठ जणांनी हे केलेलं नसतं आणि ते दुर्बिणीला नावं ठेवत असतात. आणि पक्षी दिसल्यावर मान खाली घालून दुर्बीण शोधू नका. नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा.

राहिला बुलबुल. इथे माझा गुन्हा सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या पारिजातकात बुलबुलाचं घरटं होतं. मी दिवसातून तीनदा फांदी बाजूला करून बघत होतो, फोटो काढत होतो, वहीत लिहीत होतो. चौथ्या की पाचव्या दिवशी मी आत जाताच घरटी लुटणारा भारद्वाज त्याच फांदीवर उतरला. संध्याकाळी घरटं रिकामं होतं. फांदी मी बाजूला केली होती, त्यानं फक्त बघितलं.

तेव्हा वेल छाटू नका, फांद्या सारून आत डोकावू नका, जवळून फोटो नको, त्या बाजूचा रात्रीचा दिवा बंद ठेवा. घरटं हलवायचा विचार तर नकोच. बघायचंच असेल तर खिडकीतून, लांबून. बुलबुलाची अंडी उबायला दोनेक आठवडे लागतात आणि त्यानंतर साधारण दीड आठवड्यात पिल्लं बाहेर पडतात. बाहेर पडल्यावर एखाद-दोन दिवस ती धड उडत नाहीत, खाली कुंड्यांत बसलेली सापडतात. उचलून घरात आणू नका, आईबाप तिथेच येऊन भरवतात. फार तर मांजराला कोंडा. मादी परवापासून बसून आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पुढचा महिनाभर तुमची ये-जा मागच्या दारानं.